लहान महाविद्यालयाचा फुटबॉल आणि लोकाश्रय

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वलगांव लागतें. पेढी नदीकांठचें हें गांव महाराष्ट्राच्या स्मरणांत राहिलें आहे तें एका कारणानें. २० डिसेंबर १९५६ रोजीं, प्रवासांत असतांना, संत गाडगे महाराजांनीं येथें पेढीच्या पुलानजीक देह ठेवला. ज्यांनीं आयुष्यभर लोकांकडून पैसा पैसा गोळा करून धर्मशाळा आणि सदावर्तें उभीं केलीं, व स्वतःजवळ खापर, काठी आणि चिंध्या यांपलीकडे कांहीं ठेविलें नाहीं, त्या महापुरुषाचा प्रवास ज्या गांवीं संपला, त्या गांवाच्या निमित्तानें मी आज बोलणार आहें. विषय मात्र कीर्तनाचा नाहीं. तो फुटबॉलचा आहे. हें ऐकून कोणास हसूं येईल. परंतु या दोहोंचा संबंध कोणता, तें शेवटीं आपोआप ध्यानांत येईल अशी मला आशा आहे.

श्रोतेहो, वलगांव आणि भोंवतालच्या खेड्यांतून सकाळच्या एस्. टी. नें अमरावतीस शिकावयास जाणारीं मुलें आपण पाहिलीं असतील. त्यांपैकीं एखाद्याच्या पिशवींत वह्यांबरोबर खेळाचे बूटही असतात. अशीं खेड्यांतलीं मुलें ज्या संघांतून खेळतात ते संघ बहुधा लहान महाविद्यालयांचे. त्यांचें नांव वर्तमानपत्रांत क्वचित् येतें. त्यांच्या सामन्यास तिकीट नसतें, आणि बहुधा प्रेक्षकही नसतो. अशा संघास पैसा कोठून मिळावा आणि त्याच्या पाठीशीं कोणीं उभें राहावें, हा आजचा प्रश्न. माझें म्हणणें थोडक्यांत इतकेंच कीं, अशा संघास आधीं प्रेक्षक मिळाला पाहिजे. पैसा त्याच्या मागून येतो. आपण आजवर उलटा क्रम धरिला, म्हणून पैसाही टिकला नाहीं आणि प्रेक्षकही जमला नाहीं.

प्रथम खर्चाचा विचार करूं. प्रवेश घेतांना विद्यार्थी जें क्रीडाशुल्क भरतो, त्याचा महाविद्यालयाच्या खेळांना मोठा आधार असतो. जेथें विद्यार्थी हजारोंनीं आहेत, तेथें थेंबें थेंबें तळें सांचतें. जेथें ते तीन-चारशें आहेत, तेथें तळें सोडाच, घागरही भरत नाहीं. खर्च मात्र विद्यार्थ्यांच्या संख्येबरोबर उतरत नाहीं. महाविद्यालय मोठें असो वा लहान, संघ अकरांचाच. गोलाचे खांब ७.३२ मीटर अंतरावर आणि आडवी दांडी २.४४ मीटर उंचीवरच. चेंडूचें वजन ४१० ते ४५० ग्रॅमच. आणि मैदान निदान ९० मीटर लांब असावें लागतें. खेळाचे नियम गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाहींत. हाच खेळाचा मोठेपणा आहे, आणि लहान संस्थेची अडचणही त्यांतच आहे.

त्यांत आपली वऱ्हाडची काळी जमीन! कपाशीची ती माउली खरी. फुटबॉलवर मात्र तिची माया नाहीं. पावसाळ्यांत पाय घोट्यापर्यंत रुततो आणि उन्हाळ्यांत तो भेगांत मुरगळतो. अशा जमिनीवर मुरूम पसरून, रोलर फिरवून आणि पाण्याचा निचरा साधून मैदान राखावें लागतें. त्याखेरीज बूट, चेंडू, जाळ्या, मलमपट्टी, आणि बाहेरगांवच्या सामन्यास जावयाचें तर गाडीभाडें व दोन वेळचें जेवण. यांपैकीं एकही रक्कम अवाढव्य नाहीं. पण या सर्व रकमा दर वर्षीं लागतात, आणि दुखणें आहे तें या ‘दर वर्षीं’ या दोन शब्दांत.

मी स्वतः या जिल्ह्यांतील एका लहान महाविद्यालयांत कांहीं वर्षें अध्यापन करीत असें, आणि फुटबॉल संघाचें काम हौसेनें माझ्याकडे आलें होतें. एके वर्षीं एका सधन गृहस्थांनीं संघाचा सारा भार उचलला. नवे गणवेश आले, बूट आले, समारंभ झाला, हार-तुरे झाले. दुसऱ्या वर्षीं त्यांची परिस्थिति पालटली आणि मदत थांबली. मुलांनीं जुने गणवेश धुऊन घातले. परंतु मन उतरलें तें उतरलेंच. तिसऱ्या वर्षीं आमचा संघ स्पर्धेस गेलाच नाहीं. त्या गृहस्थांस मी दोष देत नाहीं. चूक आमची होती. आम्हीं एका खांबावर मांडव घातला. त्या संपूर्ण काळांत गांवांतील दहा माणसें सामना पाहावयास यावींत, यासाठीं आम्हीं कांहींएक प्रयत्न केला नव्हता.

लोकाश्रय म्हणजे काय, हें पाहण्यास वऱ्हाडच्या माणसास दूर जावें लागत नाहीं. अमरावतीस १९१४ सालीं अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनीं हनुमान आखाड्याचा पाया घातला. पुढें त्याचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें, ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं, आपले देशी खेळ जगापुढें करून दाखविले. आज तेथें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय आहे. एका आखाड्यापासून हा वृक्ष वाढला, कारण आखाडा ही कोणा एकाची मालमत्ता नसून ती गांवाची गोष्ट आहे, अशी भावना त्याच्या मुळाशीं होती. आखाड्यांत कुस्ती चालली असतां भोंवतीं जो घोळका उभा राहतो, तोच त्या संस्थेचा पहिला निधि होय.

फुटबॉलच्या बाबतींत हीच गोष्ट कोल्हापुरानें सिद्ध करून दाखविली आहे. तेथें मूळच्या कुस्तीच्या तालमींनीं फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ हीं नांवें तेथील मुलांस पाठ असतात. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे त्या त्या पेठेंतील माणसें हजारोंनीं लोटतात. खेळाडू हा शेजारच्या आळींतला असतो. त्यास लहानपणापासून सर्वांनीं पाहिलेलें असतें. त्यामुळें संघासाठीं हात पुढें करावा लागतो तेव्हां देणाऱ्यास तें दान वाटत नाहीं, तें घरचें देणें वाटतें. २०१७ सालीं भारतांत सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली, त्या वेळीं भारताच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. असा खेळाडू आकाशांतून पडत नाहीं. जेथें सारें शहर खेळ पाहतें, तेथें तो घडतो.

अर्थात् या प्रेमासही मर्यादा हवी. पेठेचा अभिमान कधीं कधीं पेठेचें वैर होतो, आणि मैदानावरचा वाद रस्त्यावर येतो. कोल्हापुरासही याचा अनुभव आहे. जो प्रेक्षक प्रतिपक्षाच्या सुंदर गोलास टाळी देऊं शकत नाहीं, तो आपल्या संघाचाही खरा मित्र नव्हे. कारण त्याच्या हुल्लडीचा दंड शेवटीं खेळाडूंनाच भरावा लागतो.

आतां जगांतील एक दाखला सांगतों. अमेरिकेंत ग्रीन बे नांवाचें सुमारें एक लाख वस्तीचें शहर आहे. तेथला पॅकर्स हा संघ १९१९ सालीं निघाला. त्यांचा फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यांत चेंडू मुख्यतः हातांनींच खेळवितात. पण मुद्दा त्यांच्या कारभाराचा आहे. संघ पैशाच्या अडचणींत आला तेव्हां, १९२३ सालीं, लोकांना भाग विकून तो सार्वजनिक मालकीचा करण्यांत आला. त्या भागांवर नफा मिळत नाहीं. मिळतें तें एवढेंच समाधान कीं संघ आपला आहे. महानगरांतील धनाढ्यांच्या संघांशीं तो संघ आजही बरोबरीनें खेळतो. आमच्याकडे प्रत्येक गांवांत देवळाच्या जीर्णोद्धारासाठीं आणि सप्ताहासाठीं हीच रीत चालत आलेली आहे. देणाऱ्यास व्याज नको असतें. देऊळ आपलें आहे, एवढेंच पुरतें.

आणि अगदीं शेजारच्या नागपूरची गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. हिस्लॉप महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ सालीं पावसांत फुटक्या बादलीस लाथा मारून खेळणारीं झोपडपट्टींतील मुलें दिसलीं. त्यांनीं त्या मुलांच्या हातीं चेंडू दिला, आणि त्यांतून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. २०२२ सालीं आलेल्या ‘झुंड’ या चित्रपटास त्यांच्याच कार्याची प्रेरणा होती. त्या चळवळीचा आरंभ निधीपासून झाला नाहीं. एका माणसानें थांबून पाहिलें, येथपासून झाला.

आमचें महाविद्यालय हें कसें शिकलें, तेंही सांगितलें पाहिजे. संघ मोडल्यावर दोन वर्षांनीं आम्हीं तो पुन्हां जुळविला, आणि या खेपेस पहिला सराव-सामना महाविद्यालयाच्या आवारांत न ठेवतां एका खेळाडूच्या गांवीं, बाजाराच्या दिवशीं ठेविला. बाजार करून परतणारीं माणसें डोक्यावरचीं गांठोडीं खालीं ठेवून उभीं राहिलीं. एका वृद्ध शेतकऱ्यानें मला विचारलें, “मास्तर, आमचं पोट्टं कोणतं व्हय त्यातलं?” त्याचा नातू गोलरक्षक होता, पण चिखलानें माखलेल्या त्या मुलांत त्याला तो ओळखूं येईना.

त्याच वर्षीं आमचा महत्त्वाचा सामना नेमका सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत आला. या दिवसांत मजूर मिळत नाहीं, आभाळ केव्हां भरून येईल याचा नेम नसतो, आणि शेतांत उभें असलेलें पीक म्हणजे घराची वर्षाची भाकरी. तो मुलगा आदल्या संध्याकाळीं मला म्हणाला, “सर, मी येऊ शकत नाही.” यावर मी काय बोलणार? एका खेळासाठीं त्याच्या घरचें पीक भिजूं द्या, असें सांगण्याचा मला अधिकार नव्हता. मी दुसऱ्या मुलास तयार राहण्यास सांगितलें. पण सकाळीं पाहतों तों हा मुलगा एस्. टी. च्या थांब्यावर बूट घेऊन उभा! रात्रीं ही गोष्ट गांवांत समजली आणि शेजारचे तिघे त्याच्या शेतांत सावडीनें सोंगणीस उभे राहिले होते. तो सामना आम्ही हरलों. पण परत आल्यावर तोच वृद्ध शेतकरी मला भेटला आणि त्यानें विचारलें, “मास्तर, आता आपले पोट्टे कवा खेयतात?” ‘आमचं पोट्टं’ येथून ‘आपले पोट्टे’ येथपर्यंत तो माणूस आला होता. माझ्या मतें त्या वर्षीं आमच्या संघानें मिळविलेला हाच चषक.

त्यानंतर आम्हांस पैशाची चिंता उरली नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. पण ती वांटली गेली. अनुभवानें सुचलेल्या कांहीं गोष्टी, जेथें असा संघ असेल तेथील मंडळींच्या विचारार्थ ठेवितों. वर्षांतून दोन-तीन सामने तरी खेळाडूंच्या गांवीं, सुटीच्या किंवा बाजाराच्या दिवशीं व्हावे. वर्गणी लहान असावी, पण ती पुष्कळांची असावी. आणि शेतकऱ्याकडे ती मागावयाची तर पीक घरांत आल्यावर मागावी, पेरणीच्या तोंडावर नव्हे. ज्यास पैसा देववत नाहीं त्याची बैलगाडीभर मुरूम, एक दिवसाचें श्रमदान किंवा पाहुण्या संघास एक वेळची भाजी-भाकरी, ही वर्गणीच समजावी. जुन्या विद्यार्थ्यांना वर्षांतून एकदां मैदानावर बोलवावें; केवळ पत्र पाठवून मागितलेली मदत आणि मैदानाच्या कडेस उभें राहून दिलेली मदत यांत फार अंतर आहे. मुलींचा संघ असेल तर त्याच्या सामन्यासही गांवानें तितक्याच संख्येनें जावें. आईबापांचा धीर वाढविणारी त्याहून चांगली युक्ति मला ठाऊक नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जमा-खर्चाचा हिशेब, मग तो कितीही थोडा असो, सर्वांस वाचतां येईल असा फळ्यावर लिहावा. दिलेला रुपया चेंडूंत गेला कीं चहांत, हें देणाऱ्यास दिसलें पाहिजे. एकदां संशय शिरला म्हणजे प्रेक्षकही जातो आणि पैसाही.

येथें मला पुन्हां पेढीच्या कांठीं येणें भाग आहे. १९८३ सालीं स्थापन झालेलें आपलें अमरावतीचें विद्यापीठ आज संत गाडगे बाबांच्या नांवानें ओळखलें जातें. आपलीं मुलें ज्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत खेळतात, ते त्याच विद्यापीठाच्या छत्राखालीं होतात. बाबांची रीत काय होती? ते गांवांत आले म्हणजे आधीं हातांत खराटा घेऊन गांव झाडीत. मग रात्रीं लोक कीर्तनास जमत. आणि पैशाची गोष्ट त्याच्या मागून येई. आलेल्या पैशास त्यांनीं स्वतःचा म्हणून कधीं हात लाविला नाहीं. आधीं काम, मग माणसें, मग पैसा, आणि त्या पैशाविषयीं निर्मळ हात: हा क्रम धर्मशाळेस जितका लागू पडतो तितकाच फुटबॉलच्या मैदानासही पडतो.

श्रोतेहो, आपल्या गांवाजवळच्या एखाद्या मैदानावर संध्याकाळीं मुलें धांवतांना दिसलीं तर क्षणभर सायकल थांबवा. खिशांत हात घालण्याची घाई नको. आधीं त्यांतलें एखादें पोर कोणाचें तें विचारा, आणि सामना संपेपर्यंत उभे राहा. त्या मुलांना आपल्यापासून जें हवें आहे, त्याचा पहिला हप्ता तेवढ्यानेंच पोंचेल.