तार निघाली, काम उरले

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





आजच्या मेळाव्यात शिक्षणावर पुष्कळ बोलले गेले. माझा विषय तसा लहान आहे. हल्ली आपल्या शाळेतही दातांना तार लावलेले विद्यार्थी दिसू लागले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. त्यासाठी आईबाप दीड-दोन वर्षे दवाखान्याच्या खेपा घालतात, पोटाला चिमटा घेऊन पैसे भरतात. मग एके दिवशी तार निघते, सर्वांना आनंद होतो आणि डॉक्टरांनी दिलेला 'रिटेनर' दप्तराच्या तळाशी जाऊन पडतो. घोटाळा होतो तो येथेच. वर्षभराने पाहावे तर पुढचे दात पुन्हा एकमेकांवर चढू लागलेले असतात.

असे का होते? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. तारेच्या दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे भरते आणि दात हळूहळू सरकतो. तार निघते तेव्हा हे हाड अजून पक्के झालेले नसते. मुळाभोवतीच्या तंतूंची नवी घडी बसण्यास तीन-चार महिने लागतात. हिरड्यांतील लवचिक तंतूंना तर वर्षभर लागू शकते. तोवर हे तंतू ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. त्याला धरून ठेवण्याचे काम रिटेनर करतो.

वर्ष सरले म्हणजे सुटलो, असेही नाही. वय वाढते तशी खालच्या पुढच्या दातांची दाटी, ज्यांनी कधी तार लावली नाही अशांच्या तोंडातही वाढते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी उपचार झालेल्या ६५ रुग्णांचे दात, रिटेनर बंद करून दहा वर्षे उलटल्यावर तपासले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे खालचे पुढचे दात पुन्हा असमाधानकारक झाले होते. म्हणूनच आज दंतवैद्य सांगतात की, दात सरळ हवेत तोवर रात्रीचा रिटेनर हवा.

आपल्या घरांत ही गोष्ट समजावणे अवघड नाही. मूल हाफिज झाले की आपण अभिमानाने सांगतो. पण रोजचा दौर सुटला तर पाठ केलेले निसटू लागते, हे प्रत्येक हाफिज जाणतो. मिळवण्याइतकेच राखण्यालाही कष्ट असतात. दातांचे तसेच आहे.

रिटेनर मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला, टाळूला बसणारी प्लास्टिकची पट्टी आणि पुढून तार असलेला. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील डॉ. हॉले यांनी तो प्रचारात आणला. दुसरा, दातांवर टोपीसारखा बसणारा पारदर्शक. तिसरा, पुढच्या दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. ही काढावी लागत नाही, पण तिच्याभोवती कीट साचते आणि एखाद्या दातावरून ती सुटली तरी लवकर कळत नाही. तेव्हा ती वेळोवेळी तपासून घ्यावी.

काढता येणारा रिटेनर किती तास घालायचा, हे आपले डॉक्टर सांगतील तसे. तो थंड पाण्याने धुवावा. उकळत्या पाण्यात टाकल्यास वाकतो. तो घालून पाण्याखेरीज काही खाऊ-पिऊ नये. चहा तर नाहीच. तोंडात नसेल तेव्हा तो डबीतच असावा. लग्नाच्या दावतीत कागदात गुंडाळून ठेवलेला रिटेनर उष्ट्याबरोबर जातो. वजूच्या वेळी चूळ भरण्यासाठी काढून हौदाच्या कठड्यावर ठेवलेला तेथेच राहतो. खिशातली छोटी डबी हे सगळे नुकसान वाचवते.

रमजानमध्ये रात्रीच्या रिटेनरची अडचण नसावी. तरावीहनंतर दात घासून तो घालावा, सहरीला काढावा. दिवसाही घालण्यास सांगितले असेल, तर रमजानपूर्वीच डॉक्टरांना आणि आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मिस्वाकची सुन्नत पाळणाऱ्या घरात तोंडाच्या स्वच्छतेबद्दल मी वेगळे काय सांगावे?

आता आम्हा शिक्षकांविषयी. नवा रिटेनर घातला की काही दिवस 'स' आणि 'श' नीट उमटत नाहीत. वर्गात हशा पिकतो आणि मूल रिटेनर काढून ठेवते. असा हशा शिक्षकाने तेथल्या तेथे थांबवावा. विद्यार्थ्याने घरी रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे. जीभ लवकरच सरावते.

पालकांनो, रिटेनर अचानक घट्ट वाटू लागला तर दात सरकू लागले असे समजा. तो बसत नसेल तर जोराने दाबू नका. हरवला किंवा तुटला तर पुढच्या सुटीची वाट न पाहता दवाखाना गाठा. मूल रागावण्याच्या भीतीने हरवल्याचे लपवते, म्हणून आधी रागावू नका. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तेथे चौकशी करावी. दुसरा रिटेनर करून घेण्यास पैसे लागतात हे खरे. पण दोन वर्षांची तार पुन्हा लावण्यापेक्षा ते फारच थोडे असतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे दात सरळ करण्यासाठी कोणाच्या वडिलांनी जादा पाळी केली असेल, कोणाच्या आईने भिशीचे पैसे दिले असतील. ते चीज आता तुमच्या हाती आहे. आज रात्री झोपण्यापूर्वी दप्तराचा तळ एकदा तपासा.