दाखला आपल्या नावाचा, किल्ली कोणाच्या हातात?

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या शिवथर येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिवथरला बैठक ठरली तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारले, "विषय कोणता घेणार? भाताचा, रस्त्याचा की दरडीचा?" आम्ही म्हटले, विषय निर्यातीच्या कागदाचा. त्यावर ते हसले. जिथे फोन लावायला टेपावर चढावे लागते, तिथे संगणकावर भरायच्या निर्यात घोषणापत्राचे काय काम? आज त्या हसण्याला उत्तर द्यायचे आहे.

न्हावा-शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले. ते आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. उरण तालुक्यातल्या शेतकऱ्यांची भातखाचरे आणि मिठागरे या विकासाखाली गेली. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. म्हणजे बंदरासाठी जमीन जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने दिली. पण त्या बंदरातून त्याच शेतकऱ्याचा माल बाहेर जायचा असेल तर मध्ये एक कागद आडवा येतो. तो कागद आता कागदही राहिलेला नाही.

पूर्वी आपले आजे-पणजे घाटावरून उतरलेला माल महाडच्या बंदरात गलबतावर चढताना पाहत. जकातीचा कारकून समोर बसलेला असे. तो चांगला की वाईट, हा प्रश्न वेगळा, पण त्याच्याशी भांडता येत असे. आज कारकून दिसत नाही.

आता कायदा काय आहे ते सरळ पाहू. सीमाशुल्क कायदा १९६२ सालचा. त्याच्या ५०व्या कलमाप्रमाणे माल बाहेर पाठवणाऱ्याने 'शिपिंग बिल' म्हणजे निर्यातीचे घोषणापत्र द्यायचे असते. काय माल, किती, कितीचा, कुठे चालला, हे सगळे त्यात लिहायचे आणि खरे असल्याची सही करायची. २०११ साली या कलमात दुरुस्ती झाली आणि हे घोषणापत्र संगणकाद्वारेच देण्याची सक्ती आली. ज्या ठिकाणी ते शक्य नसेल तिथे सीमाशुल्क आयुक्त दुसऱ्या रीतीने देण्याची मुभा देऊ शकतात, एवढी पळवाट कायद्यात ठेवली आहे. ती वापरायची की नाही, हे आयुक्तांच्या मर्जीवर.

घोषणापत्र भरण्याआधी दहा अक्षरी आयात-निर्यात क्रमांक लागतो. २०१७ पासून आयकराचा पॅन हाच तो क्रमांक झाला आहे. मग बँकेची नोंद, मग मालाचा आठ आकडी संकेतांक. कण्या नसलेला पांढरा तांदूळ एका संकेतांकाखाली, कणी दुसऱ्या संकेतांकाखाली, कांदा तिसऱ्या. संकेतांक घातला की यंत्र सरकारची यादी पाहते. माल 'मुक्त' असला तर पुढे जा, 'निर्बंधित' असला तर परवान्याचा क्रमांक दे, 'प्रतिबंधित' असला तर घरी जा.

इथेच आजचा खरा विषय सुरू होतो. साऱ्या जगात नियंत्रित माल म्हणजे काय? ज्याच्यापासून बॉम्ब, विषारी वायू किंवा क्षेपणास्त्रे होऊ शकतात तो. अमेरिकेने ऑक्टोबर २००३ पासून अशा नियंत्रित यादीतल्या मालाचे घोषणापत्र संगणकानेच देण्याची सक्ती केली आणि २००८ साली बाकीच्या मालाचाही कागद बंद केला. आपल्याकडेही 'स्कोमेट' नावाची यादी आहे. तिच्यात रसायने, रोगजंतू, अणुभट्टीचे साहित्य आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांनी ती डोळ्यांत तेल घालून पाहावी, याला आमची हरकत नाही. माणसे मारण्याच्या वस्तूवर पहारा हवाच.

पण आपल्या देशात पहाऱ्यात आणखी कोण उभे केले जाते? कांदा आणि तांदूळ! विदेश व्यापार विकास व नियमन कायदा १९९२ चा. त्याच्या तिसऱ्या कलमाने केंद्र सरकार राजपत्रात एक आदेश छापून कोणत्याही मालाची निर्यात थांबवू शकते. या अधिकाराखाली कांद्याची निर्यात सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाली, सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाली, ८ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा बंद झाली. तांदळाच्या कणीवर ९ सप्टेंबर २०२२ ला बंदी आली आणि बासमती सोडून बाकी पांढऱ्या तांदळावर २० जुलै २०२३ ला. कणी म्हणजे गिरणीत तुटलेला दाणा, गरिबाच्या पेजेचा आणि कोंबड्यांच्या खाद्याचा. तोही पहाऱ्यात!

आता हे दोन धागे एकत्र गुंफून बघा. एकीकडे घोषणापत्र यंत्राने भरायची सक्ती, दुसरीकडे रातोरात बदलणारी यादी. २० जुलै २०२३ च्या तांदूळबंदीत वाटेतल्या मालासाठी सवलत होती. ती कोणाला? ज्याचा माल जहाजावर चढायला लागला होता त्याला. ज्याचे शिपिंग बिल भरले गेले होते आणि जहाज बंदरात येऊन त्याला क्रमांक मिळाला होता त्याला. किंवा ज्याचा माल बंदीपूर्वी सीमाशुल्क हद्दीत आल्याची तारीख-वेळेची नोंद संगणकात होती त्याला. कांद्याच्या बंदीतही हाच साचा वापरला. मग गिरणीत भरडून गोणीत शिवलेला तांदूळ, घाटात असलेला ट्रक, शेतकऱ्याला दिलेली उचल? यंत्राच्या लेखी यातले काहीच घडलेले नाही. यंत्राचा शिक्का पडण्याआधी तुमचे पीक जन्मालाच आलेले नाही!

जुन्या धोरणात एक न्यायाची गोष्ट होती आणि पुस्तकात ती अजून आहे. परदेशी गिऱ्हाइकाने बंदीपूर्वी परत न घेता येणारे बँकेचे पतपत्र उघडले असेल, तर तो व्यवहार पुरा करू द्यायचा. तांदळाच्या बंदीत ही तरतूद लागू नाही, असे स्पष्ट लिहिले. शब्द दिला, बँकेने हमी घेतली, तरी व्यवहार मोडला. सामान्य माणसाने असे केले तर त्याला लबाड म्हणतात.

शुल्काचा डाव याहून बारीक आहे. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क बसले. कायद्याच्या १६व्या कलमाप्रमाणे निर्यातीचे शुल्क घोषणापत्र भरल्याच्या दिवसाचे लागत नाही, अधिकाऱ्याने माल चढवायची परवानगी दिल्याच्या दिवसाचे लागते. म्हणजे तुम्ही सकाळी शुल्क नसताना भरलेत आणि परवानगी दुसऱ्या दिवशी निघाली, तर चाळीस टक्के तुमच्या डोक्यावर. व्यापारी ते डोके फार वेळ आपल्या खांद्यावर ठेवत नाही, पुढच्या खरेदीत शेतकऱ्याच्या खांद्यावर देतो.

कोणी म्हणेल, शिवथरचा तांदूळ कुठे परदेशी जातो? आपली खाचरे लहान, घरचे खाऊन उरेल तेवढेच विकायचे. खरे आहे. पण भाव तुमच्या गोणीवरून ठरत नाही, देशातल्या साऱ्या गोण्यांवरून ठरतो. बंदराचे फाटक बंद झाले की तिकडे निघालेला माल आतल्या बाजारात उतरतो, आणि गिरणीवर भात घेऊन गेलेल्या माणसाला "आज भाव नाही" हे तीन शब्द ऐकावे लागतात. २०२३-२४ साली साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,१८३ रुपये होती. आधार म्हणजे पायाखालची जमीन. फाटक बंद केले की तीच डोक्यावरचे छप्पर होते.

आणि कोणी म्हणेल, भाव पडला तर गरिबाला भात स्वस्त मिळतो, शिवथरचे निम्मे लोकही तांदूळ विकत घेतात. हा प्रश्न आम्ही टाळत नाही. गरिबाला स्वस्त धान्य द्यायचे असेल तर सरकारने बाजारभावाने घ्यावे आणि रेशनवर द्यावे. त्याचा खर्च सगळ्या देशाने उचलावा, एकट्या पिकवणाऱ्याने नव्हे.

आज या बंद्या उठल्या आहेत. पांढरा तांदूळ सप्टेंबर २०२४ मध्ये मोकळा झाला, कणी मार्च २०२५ मध्ये, आणि १ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचे शुल्कही गेले. मग आता कशाला ओरडता? कारण कुलूप काढले आहे, कडी-कोयंडा तसाच आहे.

आता दुसरी गोष्ट, ती आमच्याच फजितीची. आमच्यातल्या काही जणांनी मिळून आमसूल आणि नाचणीचे पापड आखातात पाठवायचे ठरवले. या मालावर बंदी नाही. एका एजंटाकडे गेलो. त्याने क्रमांक काढून दिला, पैसे घेतले, आम्ही जिथे दाखवले तिथे सह्या केल्या. २०२१ पासून नियम असा आहे की दर वर्षी एप्रिल ते जून या काळात आपल्या क्रमांकाची माहिती संकेतस्थळावर जाऊन कायम करायची, नाहीतर क्रमांक बंद पडतो. आम्हाला पत्ता नव्हता. खोकी बांधून तयार झाली तेव्हा कळले की क्रमांक निद्रिस्त आहे. तो जागा करायला गेलो, तर खूण-आकडा येणारा फोन एजंटाचा, ई-मेल एजंटाचा. दाखला आमच्या नावाचा, किल्ली त्याच्या खिशात! तो गावी गेला होता. पापडांनी पावसाळा पाहिला.

चूक त्या माणसाची होती का? थोडी. पण जास्त चूक आमची, कारण हा धडा आपल्या जिल्ह्याला नवा नव्हता. खोताच्या वहीत काय लिहिले आहे ते कुळाला कधी कळले? कष्ट कुळाचे, अंगठा कुळाचा, वही खोताची. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा संप केला, नारायण नागू पाटलांनी तो चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९४९ साली खोती कायद्याने गेली. खोताची वही मोठ्या मुश्किलीने बंद केली आणि आपण हौसेने दुसऱ्याच्या हातात नवी वही देतो आहोत.

ही घळ इथून जवळच आहे. समर्थांनी दासबोध इथे सांगितला अशी परंपरा आहे. त्या ग्रंथात लेखनक्रियेवर एक सबंध समास आहे. शाई, कागद, लेखणी कशी असावी, अक्षर कसे काढावे, इथपर्यंत. तो उपदेश लेखणीवर जगणाऱ्यांना होता. नांगरावर जगणाऱ्याला तो कोणी केला नाही. आता आपला आपण करायचा आहे.

आम्ही संगणकाच्या विरुद्ध नाही. कागदी फायलीच्या काळात टेबलागणिक हात ओले करावे लागत, ते दिवस परत नकोत. यंत्रातल्या नोंदीला तारीख आणि वेळ असते, ती उद्या आपल्याही बाजूने साक्ष देऊ शकते. लहान मालासाठी एक वाटही निघाली आहे. २०२२ पासून टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे सुरू झाली आहेत आणि टपालाने जाणाऱ्या मालाचे घोषणापत्रही संगणकाने भरता येते. पापड-आमसुलाच्या खोक्यासाठी कंटेनर लागत नाही. आपली पोरे फोनवर दिवसभर असतात. त्यांतल्या एकीला आणि एकाला प्रत्येक गावाने हे काम शिकवावे.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. दोन सरकारला सांगायच्या, दोन स्वतःला.

सरकारला पहिली: अन्नधान्य आणि भाजीपाला ही काही शस्त्रे नाहीत. निर्यातबंदीचा अधिकार त्यांच्यावर चालवणे बंद करा.

दुसरी: ते होईपर्यंत, बंदी किंवा शुल्क लावलेच, तर आधी झालेला करार, उघडलेले पतपत्र आणि वाटेला लागलेला माल यांना संरक्षण हवे. घोषणापत्र भरल्याच्या दिवसाचाच दर लागावा. आणि हे सगळे अर्ज मराठीत मिळावेत.

स्वतःला पहिली: कोऱ्या कागदावर सही नाही, आणि आपल्या नोंदणीत दुसऱ्याचा फोन नाही. एजंट लागेल तिथे जरूर घ्या, पण संकेतशब्द आपल्याच घरात राहील.

दुसरी: येत्या एप्रिलपर्यंत दोन्ही तालुक्यांत ज्यांच्या गटांचे असे क्रमांक आहेत त्यांनी ते तपासावेत. आम्ही आमचा तपासला आहे. फोन आता गटातल्या एका सुनेचा आहे. रेंज मिळवायला तिला टेपावर जावे लागते, पण किल्ली तिच्याकडे आहे.

भावांनो, बंदर आपल्या जिल्ह्यात आहे. त्याचे फाटक दिल्लीतून बंद होते, त्यासाठी आपल्याला भांडायचे आहे. पण ते उघडे असेल त्या दिवशी आत जाता यावे, याची तयारी मात्र शिवथरमध्येच करायची आहे.