१ जून आणि संगणक
(शाळांतील लिपिक व शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आपल्या शाळांचे जुने जनरल रजिस्टर चाळले की एक जन्मतारीख पुन्हा पुन्हा भेटते: १ जून. घरी जन्माची नोंद नसली की गुरुजी शाळा उघडण्याच्या महिन्यातली ही तारीख लिहून टाकीत आणि तीच त्या मुलाची कायमची होई. ही रजिस्टरे संगणकात उतरवताना या १ जूनवाल्यांचे काय होते, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

लिपिक रकान्यात ०१-०६-१९७० असे टंकतो. रकाना टेक्स्टचा, म्हणजे अक्षरांचा असेल तर संगणकाच्या लेखी ती तारीख नव्हेच. दहा चिन्हांची नुसती ओळ. आता निवृत्तीच्या कामासाठी ०१-०७-१९६७ पूर्वी जन्मलेल्या शिक्षकांची यादी मागा. संगणक डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहतो. दिवस सारखाच. मग महिना: सहा हे सातापेक्षा लहान. निकाल तेथेच लागला. वर्षापर्यंत तो गेलाच नाही. १९७० साली जन्मलेले गुरुजी यादीत आले आणि १५-०३-१९६० चे सुटले, कारण त्यांचे पहिलेच चिन्ह शून्याहून मोठे! यादी मात्र स्वच्छ छापून येते आणि तिच्यावर सहीही होते.

यावर उपाय म्हणजे तुलना करण्यापूर्वी अक्षरांची तारीख करून घेणे. ओरॅकलमध्ये त्यासाठी टू-डेट आहे, मायएसक्यूएलमध्ये स्ट्र-टू-डेट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये कन्व्हर्ट. परंतु मजकुरात दिवस आधी की महिना आधी, हे आपणच स्पष्ट सांगावे लागते. एसक्यूएल सर्व्हरला १०३ हा क्रमांक दिला तर तो आपल्या रीतीने दिवस आधी वाचतो. १०१ दिला तर अमेरिकन रीतीने महिना आधी. मग १ जूनचा ६ जानेवारी होतो, आणि तोही बिनबोभाट. १५ ऑगस्टला निदान यंत्र अडते, कारण पंधरावा महिना नाही. पण महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत अडण्याचे कारणच नसते. वर्षातल्या १३२ तारखा अशा गुपचूप उलटतात. माझ्या मते न अडणारी चूकच अधिक घातक.

वर्ष चार अंकी लिहा. नुसते ६८ लिहिले तर मायएसक्यूएल ते २०६८ धरतो, आणि ७० लिहिले तर १९७०.

खरे म्हणजे प्रत्येक वेळी हे रूपांतर करीत बसणे योग्य नाही. त्याने शोधही मंदावतो, कारण रकान्यावर केलेली अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, बहुधा वापरात येत नाही. एक नवा रकाना डेट प्रकाराचा करावा आणि एकदाच सर्व नोंदी बदलून त्यात घ्याव्यात. मजकूर म्हणूनच ठेवणे भाग असेल तर १९८८ च्या आयएसओ ८६०१ या प्रमाणाप्रमाणे १९७०-०६-०१ असे लिहावे. वर्ष आधी आले की अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो.

बदलताना काही ओळी मागे राहतील: कोठे महिन्याच्या जागी १३, कोठे नुसते वर्ष. त्यांची यादी छापून घ्या, मूळ रजिस्टर काढा आणि एकेक नोंद पडताळा. अंदाजाने पुन्हा १ जून भरू नका. जुना रकानाही लगेच पुसू नये. दाखल्यावरून वाद निघालाच तर मुळात काय टंकले होते ते दाखवता आले पाहिजे.