महिनाभर विलायत : आधी थांबे, मग मार्ग

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बजावलं आहे, "काका, फोटो दाखवू नका. महिनाभर इंग्लंडात राहून आलात, तर आखणी कशी केलीत तेवढं सांगा." त्यांचं बरोबर आहे. आपल्या सोसायटीतल्या कितीतरी घरांतली मुलं आज परदेशात आहेत आणि आईवडिलांना "या, या" म्हणतायत. जायचं म्हटलं की आधी पोटात गोळा येतो तो दोन गोष्टींचा. फिरणं झेपेल का, आणि खायचं काय?

मी आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. त्यामुळे जे सांगेन ते वेळापत्रकाच्या भाषेत असेल, सांभाळून घ्या.

आपल्या रत्नागिरीत पर्यटक कसे फिरतात ते आपण बघतोच. सकाळी गणपतीपुळे, आरे-वारेला दहा मिनिटं, रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मस्थान, थिबा पॅलेस, संध्याकाळी मांडवी आणि रात्री आंबा घाट. थिबा राजा १८८६ साली इथे आला, त्याचा राजवाडा उभा राहायला १९१० उजाडलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्या तीस वर्षांना ही मंडळी देतात पंधरा मिनिटं! आपण हसतो. पण आपण बाहेर पडलो की आपलंही तेच होतं. 'इतकं भाडं भरलंय, तर काही सुटता कामा नये.'

एसटीतला अनुभव असा, की फेरी कोलमडते ती अंतरामुळे नाही, थांब्यांमुळे. गाडी कोल्हापूरला जायची असेल, तर साखरप्याला चहा कधी, घाट चढायच्या आधी ड्रायव्हरला विश्रांती किती, हे आधी ठरतं. म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर प्रेक्षणीय स्थळं लिहिलीच नाहीत. आधी थांबे लिहिले.

त्याला कारण होतं. तुमच्या काकूंना अकरा वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे. तिचं खाणं तीन तासांच्या पुढे लांबलं की साखर उतरते, हाताला कंप सुटतो, घाम येतो. आणि दुसरं कारण मनातलं. गणपतीत जादा गाड्या, शिमग्याला जादा गाड्या, मे महिन्यात जादा गाड्या. माझ्या सगळ्या नोकरीत सणाला मी स्टँडवर आणि ती घरी. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण सलग महिनाभर आम्ही दोघं एकत्र कधी फिरलो नव्हतो. तो महिना मला पळापळीत घालवायचा नव्हता.

म्हणून तीन नियम केले. पहिला, वेळापत्रक गाडीतल्या सगळ्यांत अशक्त प्रवाशाच्या सोयीने. दुसरा, दिवसाला एकच मोठं ठिकाण. तिसरा, दर पाचवा दिवस मोकळा. डेपोत स्पेअर गाडी ठेवतात तशी. तीस दिवसांत असे सहा दिवस. लेक म्हणाली, "बाबा, सहा दिवस फुकट?" मी म्हटलं, "स्पेअर गाडी उभी दिसते, पण तिच्या जिवावर बाकीच्या धावतात."

आमची लेक लेस्टरला असते. ते आमचं आगार. पहिले सहा दिवस तिथे, मग लंडन नऊ, विंडरमेअर चार, एडिंबरा पाच आणि परत लेस्टर सहा. मुक्काम कमी बदलले, म्हणून बॅगा कमी वेळा उचलाव्या लागल्या. मे अखेरीस निघालो, जून अखेरीस परतलो.

आधी सामानाबद्दल. दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून तिकडे नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याचे मोदक घरीच. आम्ही नेलं ते भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, सुकी चटणी, आमसुलं. सुका जवळा न्यायचा माझा विचार होता, पण "कपडे महिनाभर घमघमतील" म्हणून तो काकूंनी नामंजूर केला. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानाच्या पोटात थंडीने ते गोठून खराब होऊ शकतं. विमा काढताना जुना आजार स्पष्ट लिहा, लपवू नका.

डोसच्या वेळाही डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, पण उन्हाळ्यात ते लोक आपलं घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून फरक साडेचार तासांचा.

आणि तिथे सूर्यावर विसंबू नका. जूनमध्ये लंडनला सव्वानऊनंतर सूर्य मावळतो, एडिंबऱ्याला दहाच्या सुमारास. उजेड आहे म्हणून आपण फिरत राहतो आणि गावातली चहाची दुकानं चार-पाचलाच बंद होतात. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी बहुधा बंद असतं. इंग्लंडात रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी ठेवायचा कायदा आहे. म्हणून जेवण सूर्य बघून नाही, घड्याळ बघून.

आता लंडन. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांना प्रवेश फुकट. त्याचा खरा फायदा पैशाचा नाही. तिकीट काढलेलं नसतं म्हणून तासाभरात बाहेर पडायला जीव तुटत नाही. आत बसायला बाक, स्वच्छतागृह, कॅफे. आमच्यासारख्यांना हे म्युझियम म्हणजे उत्तम थांबा. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची स्वच्छतागृहंही २०१९ पासून मोफत झाली आहेत. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवायचं. कंडक्टर नाही, घंटी नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं! व्हिक्टोरिया कोच स्टेशन मात्र मी हट्टाने पाहिलं. १९३२ सालचा एसटी स्टँडच तो. तासभर गाड्या लागताना बघत बसलो. काकू म्हणाली, "झाली का ड्युटी?"

लंडनमध्ये आपल्या जिल्ह्याचे पत्तेही आहेत, ते मी तीन वेगवेगळ्या दिवशी ठेवले. हाउली प्लेस, क्रमांक १० : टिळक आळीत जन्मलेले लोकमान्य चिरोल खटल्याच्या वेळी १९१८-१९ मध्ये तिथे राहिले. भिंतीवर निळी पाटी आहे. घर बाहेरूनच बघायचं, मग जवळच्या कालव्याकाठी बाकावर डबा सोडायचा. किंग हेन्रीज रोड, क्रमांक १० : मंडणगड तालुक्यातलं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, ते बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर घेतलं, ते आतून बघता येतं. तिसरा पत्ता हायगेटचा. १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर त्याआधी जिथे राहत, ते इंडिया हाउस. आणि लेस्टरहून थेट गाडीने केंब्रिज : दापोलीजवळच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे सेंट जॉन्स कॉलेजातून १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. मुर्डीहून बोटीने आणि आगगाडीने निघालेल्या त्या मुलाला तिथे काय वाटलं असेल, याचा विचार करायला आम्हाला अर्धा दिवस मिळाला. धावपळीत तो मिळाला नसता.

खाण्याचं म्हणाल तर लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती खाणावळी आणि मिठाईची दुकानं रांगेने आहेत. लंडनला वेम्बली आणि साउथॉल. युस्टन स्टेशनाच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी थाळी, भेळ मिळते. विंडरमेअरची गाडी युस्टनहूनच सुटते, म्हणून तिथलं जेवण मी वेळापत्रकातच घातलं. दुकानात आपल्या हापूसच्या पेट्याही दिसल्या. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. इथल्या बागायतदारांनी तो हंगाम कसा काढला ते आठवलं आणि पेटीवर हात ठेवून आलो.

तिकडचंही खाऊन बघा. फिश अँड चिप्स चांगले, पण शाकाहारी माणसाने चिप्स कोणत्या तेलात तळल्यात ते विचारावं. काही ठिकाणी चरबीत तळतात. त्यांचा मॅकरेल हा आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. स्कॉटलंडचं पॉरिज म्हणजे ओटची पेज. मीठ घालून काकूंनी ती आवडीने खाल्ली आणि साखरही आटोक्यात राहिली.

एका प्रवासात गाडी आडरानात दीड तास उभी राहिली. खाण्याची ढकलगाडी आली नाही. जेवणाची वेळ टळली आणि काकूंच्या कपाळावर घाम दिसला. मी ग्लुकोजच्या गोळ्या दिल्या, मग डब्यातलं थालीपीठ. वीस मिनिटांनी ती खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजायला लागली. तोपर्यंत माझा श्वास अडकलेला होता. म्हणून सांगतो, कितीही हॉटेलं असोत, एक जेवण कायम पिशवीत ठेवा.

एडिंबऱ्याला संकष्टी आली. तिकडे जूनमध्ये चतुर्थीचा चंद्र रात्री अकरा-बाराच्या घरात उगवतो. डॉक्टरांनी कडक उपास बंद केलाय, ती वेळच्या वेळी फराळाचं खात होती. पण नैवेद्य कधी दाखवायचा? काकूंनीच तोडगा काढला. "माझा चंद्र रत्नागिरीचा. तो उगवला की झालं." इथे रात्रीचे दहा, तिथे संध्याकाळचे साडेपाच. शेजारच्या वहिनींना फोन लावला. त्या गच्चीवर गेल्या आणि म्हणाल्या, "पावसाळी ढग आहेत हो, पण पंचांगाप्रमाणे उगवलाय!" नैवेद्य दाखवला, जेवलो.

त्याच वहिनींनी महिनाभर आमच्या तुळशीला पाणी घातलं आणि पाऊस आत येतो का ते रोज दार उघडून बघितलं. पंचवीस वर्षांत सोसायटीने काय कमावलं असं कुणी विचारलं, तर मी हे सांगेन. दाराची किल्ली निर्धास्त ठेवता येते म्हणून आपण महिना-महिना बाहेर राहू शकतो.

माझी वही सोसायटीच्या कार्यालयात ठेवली आहे. त्यात डब्याची यादी, औषधांची यादी आणि तीस दिवसांचे थांबे आहेत. किल्ला, राजवाडा, तळं तुमचं तुम्ही भरा. फक्त दर पाचवं पान मी कोरं सोडलंय. ते कृपया भरू नका.