सागरतळाची साक्ष

१९०० साली ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक प्राचीन बुडालेले जहाज आढळले. पुढे त्यातील पुतळे वर काढले गेले. परंतु कोणती वस्तू नेमकी कोठे होती, याची पद्धतशीर नोंद झाली नाही.

१९६० मध्ये तुर्कस्तानातील गेलिडोन्या भूशिरापाशी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास स्वतः पाण्यात उतरले. जमिनीवरील उत्खननाप्रमाणेच तेथे अवशेषांची स्थाने मोजून नकाशे तयार करण्यात आले. सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या त्या जहाजात तांब्याच्या लगडी होत्या. दिवा, मुद्रा आदी खलाशांच्या वस्तू एकाच टोकाला आढळल्याने त्यांच्या निवासाची जागा ओळखता आली. वस्तूइतकेच तिचे स्थानही पुरावा असते, हेच या शास्त्राचे मूलतत्त्व होय.

भारतात १९८१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली या कार्यास चालना मिळाली. युनेस्कोच्या २००१ च्या करारानेही अवशेष जागच्या जागी जतन करण्यास प्राधान्य दिले आहे.

गेलिडोन्याचा सुगावा स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांकडूनच लागला होता. म्हणून कोकणातील मच्छीमाराच्या जाळ्यात दगडी नांगर आला, तर त्याने ठिकाण व खोली टिपून पुरातत्त्व विभागास कळवावे. ही जाण गावोगावी रुजविणे शाळा व ग्रामपंचायती यांच्याच हाती आहे.