डॉक्टरांनी बोलायचं कुणाशी?

विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून दुखणाइतांची पावलं या गावाकडे वळतात. आज इथल्या परिषदेत डॉक्टरांच्याच दुखण्याची चर्चा आहे.

डॉ. दक्षा एमसन लंडनमधल्या मनोविकारतज्ज्ञ. त्या स्वतः बायपोलर आजाराशी वर्षानुवर्षं झुंजत होत्या; पण बोभाटा झाला तर नावाला बट्टा लागेल, या धास्तीनं तो दडवत राहिल्या. २००० साली त्यांचा आणि त्यांच्या तान्ह्या मुलीचा करुण अंत झाला. चौकशी अहवालानं या लपवाछपवीमागच्या भीतीवर बोट ठेवलं. २००८मध्ये डॉ. क्लेअर गेराडा यांच्या नेतृत्वाखाली लंडनमध्ये डॉक्टर आणि दंतवैद्यांसाठी गोपनीय उपचारसेवा सुरू झाली. तिथं डॉक्टर स्वतःच नाव नोंदवतो, वरिष्ठांची चिठ्ठी लागत नाही. पुढे ही सेवा इंग्लंडभर पोचली.

त्याच सुमारास बॉस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयात डॉ. जो शापिरो या कान-नाक-घसा सर्जननी वेगळी वाट धरली. पेशंट टेबलवर गेला, निदान चुकलं, की प्रशिक्षित सहकारी आपणहून फोन करतो. खचलेला माणूस मदत मागेल, म्हणून कुणी वाट पाहत बसत नाही. (मदत मागण्यात डॉक्टरांना वाटतो तेवढा कमीपणा क्वचितच कुणाला वाटत असेल!) शापिरो यांच्या गटाच्या २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८८ टक्के डॉक्टरांना आधारासाठी सहकारी डॉक्टर हवा होता, मानसोपचारतज्ज्ञ हवा म्हणणारे ४८ टक्के. गुप्तता राहील का, ही शंका मात्र ६८ टक्क्यांना होती.

खरी मेख इथंच आहे. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं २०२४मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला कमाल ७४ तास काम आणि एक सुट्टी सुचवली. शिफारस चांगलीच आहे. पण तेवढ्यानं बोलायला माणूस मिळत नाही. त्यासाठी सहकाऱ्यांचा आधारगट नेमला आणि ज्याच्या सहीवाचून परीक्षेचा फॉर्म अडतो, त्याच विभागप्रमुखाला त्यात बसवलं, तर कोण तोंड उघडेल? तिथलं बोलणं तिथंच राहायला हवं; जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, तोही आधी सांगून. एरवी टिपणं नकोत, नावं नकोत.

जमलेल्या अधिष्ठात्यांना आणि संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती एवढीच: परिषद संपण्याआधी आपापल्या कॉलेजातले, विभागप्रमुख नसलेले पाच विश्वासू सहकारी निवडा आणि त्यांच्या प्रशिक्षणाची तारीख इथंच ठरवा.