अम्मीचा डबा

आमच्या घरी फडताळात पितळेचा एक डबा असे. त्यात अळीव, मेथ्या, डिंक, शतावरीची भुकटी. घरात कुणी बाळंत झाली, कुणाची पाळी अडली, की अम्मी तो डबा उघडायची. आज त्याच वस्तू देखण्या बाटल्यांतून मिळतात आणि वर लिहिलेलं असतं, 'स्त्रियांच्या हार्मोन्सचं संतुलन'.

मी कविता लिहिते, त्यामुळे या शब्दापाशी अडखळते. संतुलन म्हटलं की तराजू आठवतो. पण बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन महिनाभरातही चढतं, उतरतं. साधारण ४५ ते ५५ या वयात अंडाशयांचं काम मंदावतं आणि पाळी थांबते. वयाचं ते वळण कुठलंही मूळ किंवा साल मागे फिरवू शकत नाही.

मग डबा फेकून द्यायचा का? मुळीच नाही. अळिवात लोह असतं. नारळ-गुळातला त्याचा लाडू बाळंतिणीला देणाऱ्या बायका शहाण्याच होत्या. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती द्रव्यं असतात. पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या वाफा काही जणींच्या त्यानं थोड्या कमी होतात. मात्र झाडपाला आहे म्हणून तो निरुपद्रवी, असं समजू नये. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो. मेथीनं रक्तातली साखर उतरते, तेव्हा मधुमेहाची गोळी घेणारीनं जपावं. अंगावरून फार जातं म्हणून अशोकाची साल देतात, ती केशरी-तांबड्या फुलांच्या सीता-अशोकाची. रस्त्याकडेला सरळसोट वाढणारा 'अशोक' हा वेगळाच वृक्ष. त्याची साल भेसळीत खपवली जाते.

आता खरं सांगायचं ते सांगते. शेजारच्या घरांत पाळीला 'कावळा शिवला' असं तरी म्हणत. आमच्याकडे 'तबियत ठीक नहीं' एवढंच. माझ्या थोरल्या आपाची पाळी थांबून तीन वर्षं झाली होती. एके दिवशी पुन्हा डाग दिसला. तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. ओळखीच्या एका बाईंनी सुचवलेला काढा ती आठ महिने घेत राहिली. मधे डाग थांबे, तेव्हा तिला गुण आल्यासारखं वाटे. शेवटी सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला गेला आणि कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, आपा वाचली. पण वेळेवर आली असती तर पुढचे किरणोपचार कदाचित टळले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काढ्याला मी दोष देत नाही. त्याच्या आडोशाला आपाला गप्प राहता आलं, याचं दुःख वाटतं.

मैत्रिणींनो, पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरांकडे जा. बहुतेक जणींचं कारण साधंच निघतं. पण ते तपासूनच कळतं. आणि कुठलं चूर्ण, कुठला काढा घेता, तेही तिथे न लाजता सांगा.

अम्मीचा डबा आता माझ्याकडे आहे. लेकीसाठी, सुनेसाठी अळिवाचे लाडू मीच वळते. देताना जवळ बसवून एक प्रश्न विचारते, जो आम्हा बहिणींना कुणी कधी विचारला नव्हता : "पाळीचा काही त्रास नाही ना गं?"